उसन्या गोळ्या

लग्न होऊन या घरात आल्यावर वहिनींची पहिली ओळख झाली ती भुशाशी. नवऱ्याशी नंतर.

घराच्या मागच्या भिंतीला लागूनच सॉमिल होती. तिथे मिस्त्री, म्हणजे वहिनींचे यजमान, सकाळपासून ओंडके चिरत आणि त्यातून उडणारा भुसा दारा-खिडक्यांना न जुमानता घरात येई. चहात भुसा, उशीवर भुसा, धुऊन वाळत घातलेल्या चादरीवर भुसा. सासूबाई म्हणत, "आमच्या घरात एक वेळ मीठ कमी पडेल, भुसा कमी पडायचा नाही." लग्नानंतरची कित्येक वर्षं वहिनी दिवसातून दोनदा घर झाडत आणि सुपलीभर भुसा परत मागे नेऊन टाकत. मिस्त्रींशी वाजलं की ते म्हणत, "तुझ्या डोक्यात भुसा भरलाय." त्यावर वहिनी म्हणत, "भरला नाही, साचलाय. तुमच्याकडूनच आलाय."

मागे त्याचा डोंगर झाला होता. कोंबड्या पाळणारे एकदोघे चार पोती घेऊन जात. बाकीचा पावसात भिजे, कुजे, उन्हाळ्यात आतल्या आत तापून धुमसे. एकदा खरंच आग लागली, तेव्हा सगळी गल्ली बादल्या घेऊन धावली. त्या दिवसापासून वहिनींना त्या ढिगाकडे पाठ करून झोप येत नसे.

मग वहिनींचे वडील आजारी पडले. त्यांना शेजारच्या शहरातल्या हॉस्पिटलात ठेवलं होतं आणि वहिनी महिनाभर तिथेच होत्या. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, पण आत व्हरांड्यात लोक नुसत्या सदऱ्यावर फिरत. वहिनींना राहवलं नाही. ऊब येते कुठून ते शोधत त्या जिना उतरून तळघरात गेल्या. बॉयलरवाला बरा माणूस होता. हाकलून देण्याऐवजी त्याने टाकीचं झाकण उघडून मूठभर माल त्यांच्या हातावर ठेवला. बोटाएवढ्या जाडीच्या, गुळगुळीत, चकचकीत कांड्या.

"हे कशाचं?"

"भुशाचं."

"डिंक घालतात का?"

"काही घालत नाहीत. लाकडाच्या अंगातच चिकटपणा असतो. दाबलं, तापलं, की तो सुटतो."

वहिनींनी त्यातल्या चार कांड्या पर्समध्ये टाकून घरी आणल्या. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिल्या आणि म्हणाल्या, "शेळी कधी घेतलीस?"

तेव्हापासून सासूबाईंच्या भाषेत त्या कांड्यांचं नाव लेंड्या.

वडील गेले. पुढे माहेरची जागा विकली तेव्हा भावाने वहिनींचा वाटा न मागता आणून हातात ठेवला. "ताई, बाबा सांगून गेलेत. आणि नसते सांगून गेले तरी दिला असता," एवढंच म्हणाला. त्या भावाचं नाव निघालं की वहिनींचा आवाज आजही जरा खाली येतो. मिस्त्रींच्या मनात त्या पैशात नवी करवत घ्यायची होती. वहिनींच्या मनात भुसा दाबायचं मशीन होतं. आठवडाभर घरात भांडी जरा जोरात ठेवली गेली. शेवटी मिस्त्री म्हणाले, "वाटा तुझा, मशीन तुझं. तोटा झाला तर मात्र आपल्या दोघांचा." नवऱ्याने आपल्याशी लग्न केलं ते त्या दिवशी, असं वहिनी नंतर जावेला म्हणाल्या.

मशीन आलं आणि पहिले काही महिने वहिनींनी नुसता चुरा काढला. भुसा ओला राहिला की कांड्या फुगून फुटत. फार वाळला की साच्यातून पिठासारखा बाहेर पडे. वाळवणात कधी झाडाची साल मिसळली जाई, मग जळताना राखेचे खडे होत. बेकरीवाला येता-जाता खिजवायचा. "वहिनी, मिस्त्री लाकूड कापून भुसा करणार, तुम्ही भुसा दाबून लाकूड करणार. मग मुळात कापलंच कशाला?" पण कांड्या कडक, कोरड्या, मुठीतून सांडल्या तर खळखळ वाजणाऱ्या निघू लागल्या, तेव्हा पहिलं पोतं त्यानेच नेलं. मग लाँड्रीवाल्याने नेलं. मग वरच्या आळीतल्या निवृत्त शाळाबाईंनी खोलीत लहान शेगडी बसवून घेतली. असे एकेक करत गावातले पुष्कळ लोक त्यावर शेकू लागले.

तरी घरगुती शेगड्यांवर मशीन चालत नाही. त्याला रोजचं मोठं तोंड लागतं. ते मिळालं गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. तिथे आजवर तेलाचा बॉयलर होता. तिथल्या मेट्रनबाई वहिनींच्या बाजूच्या, पण कारभार सेक्रेटरींच्या हातात, आणि सेक्रेटरी म्हणजे दूधसुद्धा फुंकून आणि मग गार करून पिणारा माणूस. त्यांनी भुशाचा बॉयलर बसवून घेतला, पण तेलाचा काढू दिला नाही. "एक हिवाळा पाहू," ते म्हणाले. "या हिवाळ्यात एकदा जरी तेलाचा पेटवावा लागला, तरी पुन्हा तेलच." वहिनींनी मान डोलावली. आश्रम गेला तर मशीन विकावं लागेल आणि घेणारा ते भंगाराच्या भावाने नेईल, हे त्यांनी मिस्त्रींनाही बोलून दाखवलं नव्हतं. मिस्त्रींना ते ठाऊक होतं. त्यांनीही बोलून दाखवलं नव्हतं.

हिवाळा बराचसा पार पडला. आणि ऐन कडाक्यात मशीनचा साचा झिजला.

साचा म्हणजे भोकं पाडलेली जाड पोलादी चकती. त्या भोकांतून भुसा दाबला जातो. ती घासून आणायला शहरात पाठवावी लागली. परवा मिळेल, असं कारखान्याने सांगितलं. वहिनींनी हिशेब केला, आश्रमात माल आहे, मेट्रनबाई दोन दिवस आधी फोन करतातच, काळजी नाही. तोवर गोदाम रिकामं झालंच होतं, तर ते झाडून घेतलं.

फोन सासूबाई घेत असत. मशीनच्या आवाजात मोबाइल ऐकू येत नाही, म्हणून गिऱ्हाइकांना घरचा नंबर दिला होता आणि फोनशेजारची खुर्ची सासूबाईंची होती. निरोप सांगण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. कोण, कुठून, काय आवाजात बोललं, सर्दी झाली होती का, सगळं सांगत. पण त्या दिवशी मेट्रनबाई रजेवर होत्या आणि फोन केला आश्रमातल्या नव्या नर्सने.

"आजी, आमच्या गोळ्या संपत आल्यात. उद्या दुपारपर्यंत पुरतील. वहिनींना सांगाल?"

आता आश्रमात सगळे त्या कांड्यांना गोळ्या म्हणत. मिस्त्री माल म्हणत. वहिनी पेलेट म्हणत. आणि सासूबाईंच्या लेखी गोळ्या म्हणजे गोळ्या. पाण्याबरोबर घ्यायच्या.

"कुठल्या गोळ्या?" सासूबाईंनी विचारलं.

"नेहमीच्याच."

"जेवणाआधीच्या की नंतरच्या?"

नर्स हसली. म्हातारी गमतीशीर आहे, असं तिला वाटलं असावं. "तुम्ही देता त्याच हो, आजी," म्हणून तिने फोन ठेवला.

सासूबाई बराच वेळ विचार करत बसल्या. म्हणजे आपली सून आश्रमातल्या म्हाताऱ्यांना गुपचूप औषधं पुरवते तर. तरीच आपल्या गोळ्या महिना संपायच्या आत संपतात. आधी राग आला. मग वाटलं, करते आहे ते पुण्याचंच काम आहे, आणि बोलून दाखवत नाही हे आणखी चांगलं. आपणही बोलून दाखवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला तेव्हा त्यांनी आपल्या पित्ताच्या गोळ्यांची आख्खी पट्टी कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली. "आश्रमात दे. म्हणावं, उपाशीपोटी घ्यायच्या."

तासाभराने मेट्रनबाईंचा फोन आला. मशीन बंद होतं, म्हणून मोबाइल ऐकू आला.

"वहिनी, सासूबाईंनी पित्ताच्या गोळ्या पाठवल्यात. एखादी मी घेते, मला गरज आहे. पण बॉयलरला लागू पडतील असं वाटत नाही."

वहिनी हसल्या. मग त्यांना प्रश्न सुचला आणि हसू जागच्या जागी थांबलं. "टाकीत किती आहे?"

"तळ दिसतोय. नर्सने काल निरोप दिला होता ना? आणि आज संध्याकाळी सेक्रेटरींची मीटिंग आहे, हॉलमध्येच."

वहिनी फोन हातात धरूनच घरात आल्या. सासूबाई आरशासमोर केस विंचरत होत्या. "आई, काल आश्रमातून फोन आला होता?"

"आला होता. मी पाठवल्या."

"काय पाठवलं?"

सासूबाईंनी सांगितलं. सांगता-सांगता सुनेचा चेहरा पाहून त्यांचा आवाज बारीक होत गेला. वहिनींच्या तोंडाशी बरंच काही आलं. वीस वर्षांचं साचलेलंही आलं असतं. पण म्हातारीने आपल्या औषधातली आख्खी पट्टी दिली होती, आणि तीही सुनेच्या पुण्यात वाटा असावा म्हणून. अशा माणसावर ओरडायला सुरुवात तरी कुठून करायची? वहिनी स्टुलावर बसल्या.

मिस्त्री सॉमिलमधून आले. सगळं ऐकून त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. "शहरातून पोती मागवू."

"आज सांगितली तर उद्या येतील."

"मग आणायची कुठून?"

"ज्यांना दिलीत त्यांच्याकडून," सासूबाई म्हणाल्या.

"आई, विकलेला माल परत कसा मागायचा?"

"परत नाही मागायचा. उसना मागायचा."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. कारण या बाईने उभ्या जन्मात कोणाकडे उसनं मागितलं नव्हतं. घरात साखर नसली तर बिनसाखरेचा चहा करून 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणायच्या, पण वाटी घेऊन शेजारी जायच्या नाहीत. मिस्त्री लहान असताना वडिलांच्या आजारपणात चूल थंड राहिली, तेव्हाही त्या गेल्या नव्हत्या, हे मिस्त्रींनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

"मी जाते," वहिनी उठल्या. "तुम्ही टेम्पो काढा."

"तू गेलीस तर दुकानदार आला म्हणतील," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी केसांचा अंबाडा घट्ट बांधला, शाल घेतली. "मी गेले तर शेजारीण आली म्हणतील. चला."

टेम्पोत पुढे मिस्त्री, मध्ये सासूबाई, कडेला वहिनी. सासूबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून परीक्षेला निघालेल्या मुलीसारख्या बसल्या होत्या.

पहिलं दार बेकरीचं. बेकरीवाला पिठाच्या हातांनी बाहेर आला. सासूबाई खाली उतरल्या आणि शालीचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. वहिनी पुढे व्हायला निघाल्या तेवढ्यात त्या म्हणाल्या, "माझ्याकडून चूक झालीये बाबा. आश्रमाची टाकी रिकामी आहे. चार दिवसांसाठी तुझ्याकडचं उसनं दे."

बेकरीवाल्याने एकदा वहिनींकडे पाहिलं. इथे काहीतरी टोमणा येणार, अशी वहिनींनी मनाची तयारी केली. तो म्हणाला, "आजी, तुम्ही माझ्या दारात मागायला आलात, आता मी नाही म्हटलं तर माझा पाव फुगायचा नाही." आणि खांद्यावर पोतं घेऊन तो स्वतः टेम्पोपर्यंत आला. मग दुसरं. तिसरं टाकताना म्हणाला, "आता पुरे. नाहीतर उद्या गाव कणीक खाईल."

लाँड्रीवाला चिकट म्हणून प्रसिद्ध होता. त्याने कपडे तोलायच्या काट्यावर पोतं तोलून दिलं. "तेवढंच परत हवं," म्हणाला. "तेवढंच देऊ," सासूबाई म्हणाल्या. टेम्पो सुरू झाला तसा तो मागून पळत आला. वहिनींना वाटलं, विचार बदलला. तर त्याच्या हातात आणखी एक बादली होती, न तोललेली.

एकदा सुरुवात झाल्यावर सासूबाईंचा संकोच गेला. पुढच्या गल्लीत तर त्या टेम्पो थांबायच्या आतच हाका मारू लागल्या. कोणी पोतं दिलं, कोणी पिशवी, एकीने उशीच्या अभ्र्यात भरून दिलं. एका घराला कुलूप होतं, तर शेजारणीने घरच्यांना फोन लावून मागच्या दारातून काढून दिलं. नाही म्हणणारे दोघे निघाले. त्यातल्या एकाकडे खरोखरच नव्हतं. दुसऱ्याचं नाव सासूबाईंनी मुद्दाम विचारून घेतलं.

शेवटी शाळाबाई. त्या दोन शाली पांघरून खिडकीपाशी पेपर वाचत होत्या. शेगडीशेजारी त्यांचं एकच पोतं होतं, निम्मं संपलेलं. ते पाहूनच सासूबाई मागे वळल्या. "नको हो. तुम्ही एकट्या. तुमची खोली उत्तरेकडची."

"मी मागितलं का तुमचं मत?" शाळाबाई म्हणाल्या. "आश्रमात माझी मैत्रीण आहे, सातव्या खोलीत. तिला थंडी सोसत नाही, तरुणपणीही सोसत नव्हती. मी आजचा दिवस बेकरीत जाऊन बसेन. तिथे ऊब असते आणि गप्पा फुकट."

ते अर्धं पोतं वहिनींनी स्वतः उचलून नेलं. टेम्पोत ठेवताना त्यांनी क्षणभर त्यावर कपाळ टेकवलं. मिस्त्रींनी आरशात ते पाहिलं आणि गाडी जरा उशिराच सुरू केली.

आश्रमात पोचले तेव्हा बॉयलर विझला होता, पण नळ्यांतलं पाणी अजून कोमट होतं. टाकीत माल पडल्याचा खळखळाट झाला, आतला स्क्रू फिरू लागला, आणि काही वेळाने काचेच्या खिडकीतून पिवळी ज्योत दिसली. मेट्रनबाईंनी सुस्कारा सोडला. ते पाणी ज्यातून फिरतं त्या भिंतीवरच्या रेडिएटरवर सासूबाई हात ठेवून उभ्या राहिल्या. गरम व्हायला लागला तसा त्यांनी दुसराही हात ठेवला.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. त्यांनी हॉलमध्ये कोट काढला, थोड्या वेळाने मफलरही काढला. वहिनी निघायच्या बेतात होत्या, पण ते थेट बॉयलरच्या खोलीकडे वळले, आणि तिथे त्यांना पिठाच्या पिशव्या, बादल्या आणि फुलांची नक्षी असलेला उशीचा अभ्रा दिसला.

"हे काय आहे?"

मेट्रनबाई काहीतरी सांगायला लागल्या. वहिनींनी त्यांना थांबवलं. "आमचा साचा दुरुस्तीला आहे. माल नव्हता. गावातून उसना आणला."

"म्हणजे आज सकाळी तुमच्याकडे काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं."

"आणि तुम्ही मला हे सांगताय."

"तुम्ही विचारलंत म्हणून," वहिनी म्हणाल्या.

सेक्रेटरींनी अभ्रा उचलून पाहिला, झटकून घडी केली. "कोणी कोणी दिलं?"

वहिनी सांगत गेल्या. बेकरी, लाँड्री, शाळाबाई. लाँड्रीवाल्याचं नाव आल्यावर सेक्रेटरींच्या भुवया वर गेल्या. "त्याने दिलं?" त्यांनी दोनदा विचारलं. "बादली न तोलता?" मग ते खुर्ची ओढून बसले. तेलाचा टँकर दोन वर्षांपूर्वी रस्त्यात अडकला होता, तेव्हा चार दिवस सगळ्या म्हाताऱ्यांना एका खोलीत ठेवावं लागलं होतं, हे त्यांना आठवलं असावं. कारण ते म्हणाले, "तेल कोणी उसनं दिलं नव्हतं आम्हाला." आणि मग नेहमीच्या आवाजात, "पुढच्या वर्षीही तुमच्याकडूनच घेऊ. पण मागची खोली रिकामी करून देतो, तिथे कायम साठा हवा. आणि तेलाचा बॉयलर आहे तिथेच राहील. मला दोन काठ्या लागतात, माझा स्वभाव आहे."

"राहू दे की," वहिनी म्हणाल्या. त्यांना त्या घटकेला त्या गंजक्या बॉयलरचेही आभार मानावेसे वाटत होते.

साचा आला. मशीन पुन्हा सुरू झालं, आणि पहिला माल थंड होताच सासूबाई शाल घेऊन टेम्पोशी हजर. उसनं परत करायला त्यांनाच जायचं होतं. वहिनी पोती भरत होत्या आणि सासूबाई प्रत्येक पोत्याचं तोंड उघडून पाहत होत्या. "भर अजून." गळ्यापर्यंत भरल्यावरही म्हणाल्या, "अजून." लाँड्रीवाल्याच्या काट्यावर पोतं त्याच्या मापापेक्षा बरंच जड भरलं, तेव्हा तो काटाच बिघडला असं समजून त्याला टिचक्या मारत बसला.

शाळाबाईंच्या दारात मिस्त्रींनी भरलेलं आख्खं पोतं उतरवलं.

"मी अर्धं दिलं होतं," शाळाबाई म्हणाल्या. "मला गणित येतं."

"उसनं घेतलं की वर शीग लावून परत करायचं असतं."

"तुम्ही तर म्हणे कधी उसनं घेतलंच नाही. मग तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"घेतलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण दिलंय पुष्कळ. सपाट वाटी परत आली की कसं वाटतं, ते मला माहीत आहे."

शाळाबाईंनी दार पूर्ण उघडलं. मिस्त्रींनी पोतं उचलून शेगडीशेजारी नेऊन ठेवलं, वहिनींनी त्याची शिवण उसवून टाकी भरून दिली, आणि शेगडी पेटेपर्यंत चौघंही तिच्याभोवती बसून राहिली.